वहीतली मिनिटं

थॉर्नडेल कॉलेजच्या मैदानावर दर शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास एक बाई घडीची खुर्ची घेऊन येत असे. खुर्ची मांडायची जागा ठरलेली. दोन्हीकडचे गोलाचे खांब आणि राखीव खेळाडूंचा बाक एका नजरेत दिसला पाहिजे. मग थर्मास, मग शंकरपाळ्यांचा डबा, मग मांडीवर पाटी, पाटीवर लांबट वही, आणि मनगटावरचं घड्याळ काढून वहीच्या डोक्याशी. एवढी मांडामांड झाली की क्लेटन उपनगराच्या बाजूने कितीही बोचरा वारा सुटो, पद्मा कारखानीस शंभर मिनिटं जागची हलत नसे.

पद्मा कॉलेजच्या लायब्ररीत कामाला होती. फुटबॉलशी तिचा संबंध म्हणाल तर शून्य. मेलबर्नला आल्यावर पहिल्यांदा तिथला फुटबॉल, म्हणजे हातांनी झेलायचा नि पायांनी मारायचा तो अंड्यासारखा चेंडू आणि त्याच्यामागे धावणारे छत्तीस जण पाहिले, तेव्हा ‘हे नेमकं खेळतायत की भांडतायत?’ असं तिने नवऱ्याला विचारलं होतं. पण जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवण्याशी तिचा संबंध जन्माचा. तिचे वडील, अण्णा, ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर क्रिकेटचे स्कोअरर होते. हौशी, बिनपगारी आणि अत्यंत कडक. सातव्या वर्षापासून पद्मा त्यांच्या शेजारी बसून चेंडूगणिक टिंबं मांडायला शिकली. अण्णांचे नियम दोनच. लिहायचं ते शाईने. आणि खोडायचं नाही. चूक झाली तर त्यावर एक रेघ, चुकलेलं खालून वाचता आलं पाहिजे, वर दुरुस्ती, आणि शेजारी दुसऱ्या संघाच्या स्कोअररची सही. “आपली चूक आपणच दुरुस्त करायची आणि आपणच पास करायची, हा चोरांचा धंदा,” असं अण्णा म्हणत.

फुटबॉलची वही तिच्याकडे आली ती कोच डगमुळे. डग मॅकब्राइड हा लाल चेहऱ्याचा, मोठ्या आवाजाचा, मनाने उदार गडी. लायब्ररीच्या फळ्यावर त्याने मागच्या हंगामाचे आकडे लावले होते, त्यात पद्माने तीन चुका काढल्या. दुसरा कुणी असता तर रागावला असता. डग खो खो हसला आणि म्हणाला, “मग तूच ये ना, पॅड्स!” पद्मा हे नाव त्याच्या जिभेला काही केल्या वळत नव्हतं, आणि तिनेही ते मनावर घेतलं नव्हतं. त्या परक्या गावात तिला प्रेमाने हाक मारणारा तो पहिला माणूस. श्रीनिवासचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर डगच्या घरून सूपचं भांडं येत होतं. अशा माणसाबद्दल मनात किल्मिष कसं येणार?

तर पद्मा लिहू लागली. कोच मंडळींना फक्त गोल हवे होते, पण स्कोअररच्या मुलीला तेवढ्यावर झोप कशी लागावी? कोणता खेळाडू कितव्या मिनिटाला मैदानात आला, कितव्या मिनिटाला बाकावर गेला, त्याच्या आधी काय घडलं, कोणाच्या हातून चेंडू सुटला, कोणाची लाथ चुकली, सगळं. कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी वाचतही नव्हतं. कारण वही मराठीत होती.

अडचण एकच होती. कॉलेजकडे जर्सींचा एकच ढीग. धुऊन आला की ज्याच्या हाताला जी लागेल ती त्याची. गेल्या शनिवारचा सात नंबर या शनिवारी एकवीस. म्हणून पद्माने मुलांना आपली नावं ठेवली. लंबू. चष्मिष. ज्याच्या बापाची बेकरी तो पाववाला. लाल केसांचा तो गाजर. आपल्याकडे गल्लीत ठेवतात तशी, मायेने, बिनबोभाट.

आणि या सगळ्यांत एक जण असा होता की तो मैदानात आला की पद्माचं लिहिणं चुकायची वेळ यायची, कारण ती बघतच राहायची.

त्याचं नाव लेस्टर मॅकीन. मरे नदीकाठच्या स्वान हिलकडचा, अ‍ॅबोरिजिनल कुटुंबातला, एकोणीस वर्षांचा. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच, आणि शिकत होता मास्तर व्हायला. अंगाने काही फार थोराड नाही. पण चेंडू हवेत असताना बाकीचे पाच जण चेंडूकडे बघत धावायचे, आणि लेस्टर चेंडू जिथे पडणार तिथे आधीच उभा असायचा. घाई नाही, आरडाओरडा नाही. जणू चेंडूने त्याला सकाळीच फोन करून ठेवला होता. बाकीच्यांचं धावणं पद्मा लिहायची. लेस्टरचं धावणं ती घरी जाऊन नवऱ्याला सांगायची. खेळातलं ओ की ठो न कळणाऱ्या बाईला ज्याच्यामुळे खेळ कळला, असा तो मुलगा.

तो तिला ‘आंटी’ म्हणायचा. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तिला वाटलं, हा आपल्याकडच्या मुलांकडून शिकला असणार. तेव्हा त्याने समजावून सांगितलं होतं, “नाही, आमच्याकडचंच आहे हे. आमच्याकडे आंटी सगळ्यांना म्हणत नाहीत. जी बाई आपल्यासाठी काहीतरी सांभाळून ठेवते, तिला म्हणतात.” आणि तिच्या वहीकडे बोट दाखवून, डब्यातली दोन शंकरपाळी विचारून घेऊन, तो पळत गेला होता.

एकोणीसशे शहाण्णवच्या जुलैमध्ये लेस्टरने कॉलेजकडे लेखी तक्रार केली. सोबत संघातल्याच, व्हिएतनामी घरातल्या टुआन नावाच्या मुलाची सही होती. म्हणणं साधं होतं. चूक सगळ्यांच्याच हातून होते. पण गोऱ्या मुलाची चूक झाली तर तो मैदानातच राहतो, आणि आमची झाली की आम्हाला लगेच बाकावर बोलावतात.

बाहेरच्याला वाटेल, बाकावर बसलं तर काय बिघडलं? बिघडत होतं. थॉर्नडेलचा फुटबॉल म्हणजे नुसती शनिवारची गंमत नव्हती. संघातल्या मुलाला हॉस्टेलमध्ये खोली मिळायची. नियम असा की दोन हंगामांत मिळून निम्म्याहून कमी वेळ जो मैदानावर राहील, त्याची खोली तिसऱ्या वर्षी दुसऱ्याला. लेस्टरचा हा दुसरा हंगाम होता. खोली गेली की स्वान हिल, आणि स्वान हिल म्हणजे फळबागेतलं काम. मास्तरकी तिथेच संपली.

कॉलेजात एकच गलका झाला. कुणी म्हणे पोरगा माजलाय, कुणी म्हणे डगसारख्या देवमाणसावर असा आळ घ्यायला लाज कशी वाटत नाही. लेस्टर मात्र रोज सकाळी वर्गात, रोज दुपारी सरावाला. त्याच्या डब्याशेजारी जेवायला बसणारे कमी झाले, तरी जेवायची जागा त्याने बदलली नाही. पद्मा लायब्ररीच्या खिडकीतून हे बघायची.

डग तिच्याकडे आला तेव्हा खरोखरच दुखावलेला होता. “पॅड्स, तू तर एकूण एक मॅच बघितलीस. त्या मुलाला मी खाली बोलावतो ते त्याच्याच भल्यासाठी. हे लोक उपजत गुणी असतात, पण टिकत नाहीत, डोकं भटकतं त्यांचं. जरा बसवलं की ताळ्यावर येतं. बाकी मी सगळ्यांना सारखं वागवतो. तुझ्या वहीत असेलच की सगळं! मी चौकशी समितीला सांगूनच आलोय, की पॅड्सच्या वह्या बघा.”

म्हणजे वहीचं नाव डगनेच पुढे केलं. तो खोटारडा नव्हता. आपण सारखं वागतो यावर त्याचा देवावर असावा तसा विश्वास होता. पद्माचाही होता म्हणा ना. “नो वरीज, डग,” ती म्हणाली, आणि चारही वह्या घरी घेऊन आली.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्या उघडल्या. दोन हंगाम, तेवीस सामने. प्रत्येक चुकीपुढे तिने बोट ठेवलं आणि बघितलं, चूक करणारा पुढच्या दोन मिनिटांत बाहेर गेला की नाही. दुपारपर्यंत तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आकडे हलले नाहीत.

बाकी सगळ्या मुलांच्या मिळून पाचशे चाळीस चुका. त्यातल्या एकाहत्तर वेळा मुलाला बाहेर बोलावलं. लेस्टरच्या एकसष्ट चुका. अठ्ठेचाळीस वेळा बाहेर. टुआनच्या एकोणतीस, एकवीस वेळा.

ती प्रत्येक दुपार तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. प्रत्येक मिनिट स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. आणि तिला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. ‘पोरगा पुन्हा बाकावर आला, थकला असेल बिचारा,’ असं म्हणून तिने त्याच्यापुढे शंकरपाळ्यांचा डबा धरला होता!

“झालं का?” नुपूर तिच्या खांद्यावरून डोकावली. पद्माची मुलगी, पंधरा वर्षांची, लेस्टरची पहिल्या नंबरची चाहती. मराठी कळायचं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत. लहानपणी आईने धरून बसवून शिकवलेली बाराखडी तिने आज नेमकी वापरली. अक्षर लावून लावून वाचलं, “का-ळू. काळू. हू इज काळू?”

पद्माचा हात वहीवर थांबला.

लंबू, चष्मिष, पाववाला, गाजर. आणि काळू. पानोपानी. काळूच्या हातून चेंडू सुटला. काळू बाहेर. काळू आत. काळूचा झकास गोल. टुआनच्या जागी ‘चिनी’. आणि तो तर चीनचासुद्धा नाही.

“अगं, ते आपलं... आपल्यात म्हणतात तसं गं. प्रेमानं,” पद्मा म्हणाली.

“मम, दॅट्स अ कलर,” नुपूर म्हणाली. “बाकीच्यांचं तू हाइट बघितलीस, ग्लासेस बघितलेस. त्याचा फक्त कलर बघितलास.” एवढं लांब मराठी ती वर्षभरात बोलली नव्हती. मग ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

ठाण्यात पद्माला बघायला नऊ स्थळं आली होती. त्यातल्या सात जणांचं पत्र एकाच वळणाचं: मुलगी हुशार आहे, गृहकृत्यदक्ष आहे, पण. त्या ‘पण’च्या पुढचं कुणी लिहायचं नाही, लिहायची गरजच नव्हती. मावशी दर उन्हाळ्यात साय-हळद घेऊन बसायची. लग्नात सासूबाई पाहुण्यांना म्हणाल्या होत्या, “रंगाने डावी आहे, पण स्वभावाने उजवी हो.” आणि सगळे हसले होते, प्रेमानंच. त्या हसण्याचा एकेक दात पद्माच्या लक्षात होता. आणि तीच पद्मा एका मुलाचा खेळ डोळे भरून बघत होती, आणि वहीत त्याला काळू लिहीत होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तिने सकाळभर मोजलं होतं. आपल्या डोळ्यातलं मुसळ लेकीने दाखवलं.

श्रीनिवासने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो इंजिनियर, त्याला अडचण दिसली की आधी तोडगा दिसतो. “अगं, त्यात काय एवढं? समितीत मराठी कोणाच्या बापाला येतंय? वाचणार तूच ना? काळू दिसलं की लेस्टर म्हणायचं. मिनिटं खरी आहेत, नाव खरं आहे, खोटं कुठे काय झालं?”

“आणि वही?”

“पुन्हा उतरवून काढ. सुवाच्य अक्षरात. तू म्हणशील तर मी मदत करतो.”

बोलणं बिनतोड होतं, आणि पद्माला ते पटावं असं फार फार वाटत होतं. भीतीही काही खोटी नव्हती. हा शब्द बाहेर पडला तर कॉलेजच्या फुटबॉल क्लबवाले म्हणतील, बघा, यांच्या लोकांतसुद्धा असंच म्हणतात, चेष्टाच आहे सगळी, आणि पोराची केस बुडेल. तिच्या एका शब्दापायी त्याची खोली जायची. असं स्वतःला समजावत तिने कोरी वही उघडली, पहिली ओळ लिहिली, आणि पेन खाली ठेवलं. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली होती, पण दुसऱ्या खुर्चीवर बसलेच होते ते. आपली चूक आपणच दुरुस्त करायची आणि आपणच पास करायची?

गुरुवारी दुपारी सराव संपल्यावर ती मैदानावर गेली. लेस्टर एकटाच खांबांमागे पडलेले चेंडू गोळा करत होता. तिला बघून हसला. “आंटी, आज गुरुवार. वार चुकला की काय?”

पद्माने भाषण तयार केलं होतं, ते सगळं बाजूला राहिलं. तिने वही उघडून त्याच्यापुढे धरली, शब्दावर बोट ठेवलं, आणि सांगून टाकलं. हा शब्द म्हणजे तू. त्याचा अर्थ हा. मी दोन वर्षं लिहितेय. प्रेमाने लिहीत होते, हे खरं आहे. पण त्याने काही फरक पडत नाही, हेही मला आता कळलंय.

लेस्टर त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिला. न कळणाऱ्या लिपीत स्वतःला शोधत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते तिला कळलं नाही.

“किती वेळा?” त्याने विचारलं.

“मोजलं नाही.”

“तुम्ही तर सगळं मोजता.”

वाऱ्याने वहीची पानं फडफडत होती, ती पद्माने तळव्याने दाबून धरली.

“मिनिटं बरोबर आहेत?” त्याने विचारलं.

“एकूण एक.”

“मग वाचा. जसं लिहिलंय तसं वाचा. माझ्यासाठी धुऊन-पुसून घेऊ नका. एक शब्द पुसलात, तर ते विचारतील आणखी काय काय पुसलं. आणि मग मिनिटंही जातील.”

एकोणीस वर्षांचा मुलगा! आत्ता, या क्षणी जखम झालेली, आणि तरी चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी दिसत होतं. पद्माला वाटलं, याच्या वर्गात बसणारी मुलं भाग्याची असतील. वाटलं ते तिने बोलून दाखवलं नाही. कौतुक करायचा हक्क तिने त्या दुपारी गमावला होता.

“मला माफ कर, लेस्टर,” ती म्हणाली.

त्याने चेंडूंची जाळी खांद्यावर टाकली. “येतो, मिसेस कारखानीस,” तो म्हणाला.

आंटी नाही. पद्मा ट्रेन सोडून घरापर्यंत चालत गेली. तिला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

पुढच्या बुधवारी समिती बसली. अध्यक्ष मिसेस हॉलंड, कॉलेजच्या व्हाइस प्रिन्सिपल, चष्म्यावरून बघणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. टेबलाच्या एका बाजूला लेस्टर आणि टुआन, इस्त्रीचे शर्ट घालून. दुसऱ्या बाजूला डग, आणि क्लबचे अध्यक्ष मिस्टर पेनरोझ, पेशाने वकील. डगने पद्माला बघून डोळा मिचकावला. आता आपलं माणूस आलं, असा त्याचा चेहरा होता, आणि पद्माला तो बघवेना.

आधी तिने आकडे सांगितले. एकसष्टपैकी अठ्ठेचाळीस. एकोणतीसपैकी एकवीस. पाचशे चाळीसपैकी एकाहत्तर. डगचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू उतरत गेला. “हे बरोबर नसणार,” तो पुटपुटला. रागाने नाही, हिशोब न जुळल्यावर माणूस स्वतःशीच म्हणतो तसा.

“मूळ नोंद वाचा,” मिसेस हॉलंड म्हणाल्या.

पद्माने वाचलं, जसं लिहिलं होतं तसं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. “आठव्या मिनिटाला गाजरच्या हातून चेंडू सुटला. गाजर मैदानावर. अकराव्या मिनिटाला काळूच्या हातून चेंडू सुटला. बाराव्या मिनिटाला काळू बाहेर.”

“ही नावं कोणाची?”

पद्माने एकेक सांगितलं. गाजर म्हणजे लाल केसांचा. लंबू म्हणजे उंच. मग ती पाणी प्यायली. “काळू म्हणजे लेस्टर. शब्दाचा अर्थ, काळा. नाव मी ठेवलं. चिनी म्हणजे टुआन. तेही मीच.”

मग मिस्टर पेनरोझ खुर्चीत पुढे सरकले, ताटात आवडीचा पदार्थ पडावा तसे. “म्हणजे ज्यांच्या वहीवर ही सगळी तक्रार उभी आहे, त्या बाईंच्या मनातच रंगाचा पूर्वग्रह होता, असं त्या स्वतः सांगतायत. अशी वही पुरावा म्हणून धरायची?”

पद्माचे कान तापले. लेस्टरने तिच्याकडे बघितलं नाही; तो टेबलाकडे बघत होता. आणि तेव्हा, अण्णांच्या शेजारी सातव्या वर्षापासून बसलेली मुलगी बोलली.

“हो,” ती म्हणाली. “होता. म्हणून तर ही वही धरायची. मिस्टर पेनरोझ, मी जर लेस्टरच्या बाजूची असते, तर तुम्ही म्हणाला असता की बाईने त्याच्यासाठी मिनिटं वाढवून लिहिली. पण जी बाई त्याला हे नाव ठेवते, ती त्याच्या बाजूने कशाला खोटं लिहील? दोन वर्षं मला यातलं काहीही दिसलं नाही. मी डगच्या बाजूने बसले होते. त्याच्याच नजरेने बघत होते. माझी नजर चुकली. घड्याळ चुकलं नाही.”

मिसेस हॉलंडनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

बोलला तो डग. “मला वही देशील?” त्याने वही घेतली. त्याला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण आकडे कळत होते. पद्मा मिनिटं इंग्रजी आकड्यांतच लिहायची. कोणता शब्द लेस्टरचा, ते त्याने तिला विचारून घेतलं, आणि त्या शब्दापुढची मिनिटं तो बोटाने बघत गेला. एक पान, दुसरं पान, दहावं पान. कुणी त्याला थांबवलं नाही. शेवटी तो म्हणाला, “मी त्याला ताळ्यावर आणतोय असं मला वाटत होतं.” आणि मान वर न करता, “देवाशपथ, मला वाटत होतं.” हे बोलायला त्याला किती जड गेलं ते पद्माला दिसलं. त्याही माणसाला तिने मनात मानलं.

निकाल आठवड्याने लागला. तक्रार खरी धरली. दोघांच्या खोल्या राहिल्या. खेळाडूला बाहेर बोलवायचं तर कारण आणि वेळ लिहून ठेवायची, असा नियम झाला, आणि डगने राहिलेल्या हंगामासाठी सहायकाकडे सूत्रं देऊन स्वतः बाजूला होणं पत्करलं. पद्माच्या घरी सूपचं भांडं पुन्हा काही आलं नाही. पण लायब्ररीत भेटला की तो थांबायचा, आणि एकदा बऱ्याच प्रयत्नाने ‘पद्मा’ म्हणाला. जवळजवळ बरोबर.

राहिली होती ती दुरुस्ती. शनिवारी सामन्याआधी पद्मा लेस्टरकडे गेली. चारही वह्या आणि शाईचं पेन. तिने अण्णांचा नियम सांगितला: एक रेघ, वर खरं नाव, आणि शेजारी समोरच्याची सही. “मोजलं आता,” ती म्हणाली. “चारशे बारा वेळा. सगळीकडे रेघ मारते. तू सही करशील?”

लेस्टर बूट बांधत होता. त्याने वह्यांकडे बघितलं, पेनाकडे बघितलं.

“नाही,” तो म्हणाला. “राहू दे तसंच. जे झालं ते त्यात आहे.” मग बुटाची गाठ मारून उठताना, “कोरं पान आहे ना पुढे?” एवढं विचारून तो मैदानात गेला.

पद्मा खुर्चीत बसली. घड्याळ काढून वहीच्या डोक्याशी ठेवलं. नव्या पानावर तिने मुलांची खरी नावं लिहिली, पूर्ण, काना-मात्रेसकट. त्या नादात पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल निसटले आणि शेजारी बसलेल्या समोरच्या संघाच्या माणसाला विचारावे लागले. सातव्या वर्षानंतर तिच्यावर अशी पाळी पहिल्यांदाच आली असेल.

चौदाव्या मिनिटाला लेस्टरच्या हातात सोपा चेंडू आला आणि सुटला. घसरून सरळ समोरच्याच्या पायात. कडेच्या लोकांनी ‘ओह’ केलं. लेस्टरने स्वतःच सवयीने बाकाकडे बघितलं. पद्माने लिहिलं: लेस्टरच्या हातून चेंडू सुटला. आणि तिची नजर घड्याळावर गेली.

एक मिनिट. दोन मिनिटं. बाकावरून कुणी हात वर केला नाही. तीन. पाच. चुकीनंतरच्या सहाव्या मिनिटाला तो धावता धावता गोलापासून पन्नास मीटरवर असा काही उडाला, दोघांच्या खांद्यांवरून चेंडू झेलत, की पद्मा लिहायचं विसरली आणि उभी राहून टाळ्या वाजवू लागली. पाटी खाली पडली, शंकरपाळी गवतात सांडली. नुपूर शेजारी किंचाळत होती, “गो लेस्टर! गो, गो!”

सामना ते चार गुणांनी हरले. मुलं चिखलाने माखून, पाय ओढत बाहेर येऊ लागली. पद्मा मान खाली घालून बेरजा करत होती. वहीवर सावली पडली.

लेस्टर उभा होता. घामाने निथळत, कोपराला खरचटलेलं. तो वहीत वाकून बघत होता. त्याला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण त्याच्या नावापुढची ‘बाहेर’ची चौकट कोरी आहे एवढं दिसत होतं. तरीही त्याने विचारलं.

“किती मिनिटं, आंटी?”

पद्माने पेनाला टोपण लावलं.

“सगळी,” ती म्हणाली.